दोन बटनांचा पडदा

"दोन मोटारी, एक चिप आणि आठ दिवस. नवव्या दिवशी बटन दाबायचं आणि पडद्यानं उघडायचं. त्यात एवढं काय आहे?"

राजुरीच्या प्रबुद्ध वाचनालयाच्या कमिटीपुढे रविंद्रने हे वाक्य अशा काही आवाजात टाकलं, की सात जणांपैकी सहा जण गप्प झाले. सातवे म्हणजे अध्यक्ष सावळेराम. ते आधीपासूनच गप्प होते, कारण त्यांच्या तोंडात तंबाखू होती. ती थुंकून येईपर्यंत काम रविंद्रच्या गळ्यात पडलेलं होतं, आणि ते त्याने आनंदाने पाडून घेतलं होतं.

आता साध्या पडद्याला मोटार कशाला, असं कुणालाही वाटेल. असं वाटणारा माणूस राजुरीचा नसणार. वाचनालयाच्या उद्घाटनाला पाहुणे होते दोन. पंचायत समितीचे माजी सभापती रखमाजीशेठ, ज्यांनी स्लॅबचं सिमेंट दिलं होतं. आणि दूध संस्थेचे चेअरमन संपतराव, ज्यांनी फरश्या दिल्या होत्या. एकाला बोलवून दुसऱ्याला वगळावं, तर एक तर डोक्यावरचं जाणार, नाही तर पायाखालचं. दोघांना बोलवावं, तर पडद्याची दोरी एकच. मागच्या साली शाळेच्या नव्या खोल्यांच्या वेळी दोघांच्या हातात एकच दोरी दिली होती. दोघांनी ती आपापल्या बाजूला ओढली. पडदा आला, पडद्याची दांडी आली आणि मागोमाग कोनशिलाही आली. खोल्यांचं उद्घाटन झालं की मोडतोड, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

"म्हणून सांगतो," रविंद्र म्हणाला, "पडदा दोन भागांचा करायचा. डावा भाग एकाचा, उजवा दुसऱ्याचा. दोघांना दोन बटनं. दोघांनी दाबल्याशिवाय चिप पडदा हलवणारच नाही. दोघांनी दाबलं की दोन्ही भाग एकदम सरकणार. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही."

"आन लाईट गेली तर?" सावळेराम म्हणाले.

"लोडशेडिंगचं टाइमटेबल बघूनच वेळ काढायची."

"आन चिप गेली तर?"

"चिप जात नसते," रविंद्र म्हणाला.

रविंद्र नारायणगावला पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक होता. दिवसभर आवक-जावक लिहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन सोल्डरिंगची कांडी तापवायची, असा त्याचा पंधरा वर्षांचा क्रम होता. पोस्टाने कोर्स करून तो मायक्रोकंट्रोलर शिकला होता. मायक्रोकंट्रोलर म्हणजे झुरळाएवढी काळी चिप. चाळीस पाय असतात आणि लिहून दिलेलं काम ती न कंटाळता करते. ऑफिसात असं कुणीच नसल्यामुळे रविंद्रला तिच्याबद्दल फार आदर होता.

पण पडद्यामागचं खरं कारण वेगळं होतं. ते होतं आबा.

रविंद्रचे वडील बाजीराव, म्हणजे आबा, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षांत एक कुत्रंसुद्धा चाकाखाली आलं नाही. वाचनालयासाठी रस्त्याकडेची दोन गुंठे जागा आबांनी दिली होती आणि कोनशिलेवर त्यांचं नाव कोरलं होतं. आबांना यंत्राची कदर होती, फक्त मुलाच्या यंत्रांची नव्हती. आणि त्याला पुरावा होता. रविंद्रने केलेली टाकीची घंटा टाकी भरली की वाजायच्या ऐवजी दुपारी सगळे झोपले की वाजायची. दूध उतू जाण्याआधी वाजणारी घंटा दूध उतू गेल्यावर वाजायची. रविंद्रची आई फुलाबाई ती वाजली की हातातलं काम सोडून दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहायच्या.

त्या दुधाच्या दिवशी आबा म्हणाले होते, "रवी, माझ्या डोळ्यांदेखत तुझं येक तरी यंत्र सरळ चाललेलं बघू दे. येकदाच. मग मी काय बोलणार न्हाई."

ते आता अठ्ठ्याहत्तरचे होते. रविंद्रने मनाशी ठरवलं होतं, की बुद्धपौर्णिमेला, भरल्या मांडवात, आबांना पहिल्या रांगेत बसवायचं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पडदा सरळ उघडायचा. पाहुणे, स्लॅब, फरश्या हे सगळं निमित्त.

पहिला अडथळा विजेचा आला. वाचनालयाला अजून मीटर नव्हतं. तात्पुरत्या कनेक्शनसाठी रविंद्र एका ऑफिसात गेला. ऑफिसचं नाव नको, तिथल्या क्लार्कचा तरी काय दोष, फॉर्मच तसा होता.

"वापर कशासाठी?" क्लार्कने विचारलं.

"दोन छोट्या मोटारी आहेत."

"मोटार म्हटल्यावर शेतीपंपाचा फॉर्म. किती एचपी?"

"एचपी नाही हो. टेम्पोच्या वायपरच्या मोटारी आहेत. बारा व्होल्टच्या. पडदा सरकवायचाय."

क्लार्कने फॉर्मवर बोट फिरवत नेलं. "विहीर की बोअर?"

"विहीर नाही."

"मग विहीर नसल्याचा दाखला लागंल."

रविंद्र स्वतः सरकारी माणूस. दाखला मागितल्यावर वाद घालायचा नसतो हे त्याला रक्तातच माहीत. तो गावकामगार तलाठ्याकडे गेला. तलाठी भला माणूस होता, पण अडचणीत पडला. "भाऊसाहेब, जे आहे त्याचा दाखला मी देतो. जे नाही ते मी कुठं जाऊन बघू?" शेवटी दोघांनी मिळून वाचनालयाच्या दोन गुंठ्यांत फेरी मारली, कुठंच विहीर सापडली नाही, आणि पंचांच्या सह्यांनिशी तसा पंचनामा झाला. राजुरीत विहीर नसल्याचा रीतसर पुरावा असलेली ती एकमेव जागा. आठातले चार दिवस यात गेले.

पाचव्या दिवशी वायरमन हौशीरामने वाचनालयाच्या ओट्यावर, दोन खांबांच्या मध्ये, दहा फुटी पाइप ठोकला. त्याच्या दोन्ही टोकांना दोन मोटारी, एकमेकींकडे तोंड करून. पडदा मरून रंगाचा, मखमलीचा, यशोधराने शिवलेला. यशोधरा म्हणजे रविंद्रची बायको, शाळेत शिक्षिका. पडद्यामागे ओट्याच्या भिंतीत कोनशिला. टोकांना छोटे स्विच बसवले होते. पडदा टोकाला टेकला की स्विच दाबला जायचा आणि चिपला कळायचं, की आता थांब.

गंमत सगळी मोटारीच्या दिशेत आहे, हे रविंद्र येईल त्याला समजावून सांगायचा. मोटारीला दोन वायरी. त्यातलं प्लस-मायनस इकडचं तिकडं केलं की मोटार उलटी फिरते. हे इकडचं तिकडं करायला रिले, आणि रिलेला हुकूम द्यायला चिप. उघडताना सुलटी, मिटताना उलटी. डाव्या मोटारीला जे सुलटं ते उजवीला उलटं, म्हणून त्याने प्रोग्रॅममध्ये उजव्या मोटारीची दिशा मुद्दाम उलटी लिहिली होती.

पहिली चाचणी बघायला वीसेक माणसं जमली. रविंद्रने दोन्ही बटनं दाबली. टक्‌ टक्‌ असे रिले वाजले. डावा पडदा झोकात डावीकडे निघाला. आणि उजवा पडदा त्याच्या मागोमाग डावीकडे निघाला. मध्ये फट पडेचना. सगळा पडदा एकत्र, घरी निघालेल्या बायकांसारखा, एका बाजूला चालला.

"उलटी फिरतीय," गर्दीतून गेणभाऊ म्हणाले.

गेणभाऊ रविंद्रचे शेजारी. कांदा, ऊस आणि तीन विहिरींवर तीन मोटारी. "डीपीवर काम झालं की आमची बी अशीच उलटी फिरती. पानी वर यायच्या ऐवजी नुसती गुरगुरती. दोन वायरी बदल, सरळ हुईल. लई सोपं हाय."

रविंद्रला हे लागलं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन फेऱ्या मारून आणलेली चिप, तीनशे ओळींचा प्रोग्रॅम, आणि हा माणूस तिला विहिरीवर नेतोय.

"गेणभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "ही पाण्याची मोटार नाही. इथं दिशा वायर ठरवत नाही, प्रोग्रॅम ठरवतो. चूक प्रोग्रॅममध्ये आहे, ती प्रोग्रॅममध्येच दुरुस्त होणार."

चूक त्याला घरी गेल्यावर कळली. मोटारी समोरासमोर तोंड करून बसवलेल्या, म्हणजे उजवी आपोआपच उलटी झाली होती. त्यात त्याने प्रोग्रॅममध्ये ती आणखी एकदा उलटी केली. एका आकड्याची दुरुस्ती. पण तेवढ्यासाठी चिप पुसून नव्याने लिहायला हवी, आणि ते मशीन फक्त नारायणगावात, कपिलच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, आणि क्लास नेमका ऑफिसच्या वेळातच उघडा.

दुसऱ्या दिवशी रविंद्र रजा टाकून, औषधाच्या डबीत कापूस घालून, कापसात चिप ठेवून एसटीत बसला. डबी खिशात ठेवली तर पाय वाकतील, म्हणून तळहातावर. शेजारच्या म्हातारीने आळेफाट्यापर्यंत दम धरला.

"दात हाय का?" तिने विचारलं.

"नाही मावशी. चिप."

"कुणाची?"

रविंद्रने डबी दुसऱ्या तळहातावर घेतली.

कपिलने आकडा बदलून चिप लिहून दिली. संध्याकाळी रविंद्रने ती बसवली, बटनं दाबली. उजवा पडदा पुन्हा डावीकडे.

"म्या काय म्हनत व्हतो?" गेणभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, पण ते कशाचं हे रविंद्रच्या लक्षात आलं नाही.

रविंद्रने रात्री जेवताना ताटात दोन चमचे समोरासमोर ठेवून मोटारींचा विचार केला. समोरासमोर म्हणजे उलटी, उलटीची उलटी म्हणजे सुलटी... बहुतेक आधीचंच बरोबर होतं. सकाळी परत एसटी.

"साहेब," कपिल म्हणाला, "हे तर तुम्ही पहिल्यांदा आणलं होतं तेच झालं."

"आधीच्यात आणि यात फरक आहे."

"काय?"

"यात विचार केलेला आहे," रविंद्र म्हणाला.

विचार केलेली चिप बसवली. उजवा पडदा डावीकडे. या वेळी हौशीराम तिथंच होता. तो पडद्याकडे आणि मग स्वतःच्या हातातल्या पक्कडीकडे फार विचित्र नजरेने बघत राहिला, आणि "काम हाय" म्हणून निघून गेला.

मध्ये चार दिवस कपिलचा क्लास बंद होता. तो उघडला तेव्हा ऑफिसात तिसऱ्या रजेचा अर्ज देताना साहेबांनी कारण विचारलं. "उजवा पडदा डावीकडे जातो," रविंद्र म्हणाला. साहेबांनी लगेच सही केली. पुढे आठवडाभर त्याच्या टेबलावर एकही कागद आला नाही. एसटीच्या कंडक्टरनेही त्याला आता डबीसकट ओळखलं होतं. "काय, बसली का न्हाई कवळी?" असं तो लांबूनच विचारायचा. रविंद्रने मान ताठ ठेवली. आकडा पुन्हा बदलून आणला. चौथी चाचणी.

उजवा पडदा डावीकडे.

आठ दिवस केव्हाच संपले होते. बुद्धपौर्णिमा परवावर आली होती. आबा खुर्ची टाकून बसले होते. एकतीस वर्षं रिव्हर्समध्ये गाडी काढलेला माणूस उलट्या दिशेकडे जसं बघेल, तसं नुसतं बघत राहिले. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं.

रविंद्र स्टुलावर चढला. उजव्या मोटारीच्या वायरी त्याने बारा दिवसांत पहिल्यांदाच जवळून बघितल्या. लाल वायर जिथं हवी तिथं काळी होती. आणि स्क्रूंच्या डोक्यावर तीन वेगवेगळ्या पेचकसांचे ओरखडे.

"वायरींना कुणी हात लावला?"

गेणभाऊंनी टोपी काढून परत घातली. "म्या येकदाच बदलली. तू नारायणगावला ग्येला व्हतास. म्हनलं, पोरगं हेलपाटं घालतंय, आपण दोन मिन्टात करून ठिवू. नाव बी घ्यायचं न्हाई."

"मी पण एकदाच," हौशीराम म्हणाला. "मला काय म्हाईत यांनी आधीच बदललीय? तुमी दुसऱ्यांदा गेलात तवा मी बदलली. सरळ व्हायला पायजे व्हती, म्हणून तर मी चक्रावलो."

दोन झाल्या. म्हणजे वायरी मूळच्या जागी यायला हव्या होत्या. रविंद्रने बोटं मोजली आणि तिसऱ्या बोटाशी थांबला.

"अहो," मागून यशोधरा म्हणाली, "माझ्या माहेरी महाळुंग्याला साडेसातची मोटार आहे. लहानपणापासून बघतेय. उलटी फिरली की दोन वायरी बदलायच्या असतात. तुम्ही इतके दमलेले दिसत होतात..."

"तू पण?"

"एकदाच," यशोधरा म्हणाली.

तिघांनी एकेकदा, तिघांनी गुपचूप, तिघांनी निव्वळ मायेपोटी. इकडे तो चिप सुलटी करून आणायचा, तिकडे ही माणसं मोटार उलटी करून ठेवायची. शत्रूने केलं असतं तर रविंद्रला निदान भांडता आलं असतं.

"मंग आता तूच येकदा बदल की," आबा म्हणाले. "हाय काय त्यात."

बारा दिवस, तीन रजा आणि सहा एसटीप्रवास यांच्यानंतर रविंद्रने वायरी बदलल्या. दोन मिनिटं लागली. स्क्रू पिळताना त्याने तोंड भिंतीकडे ठेवलं. पण त्या दिवशी पडदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दोन्ही भाग एकदम निघाले, एकदम पोचले. दुर्दैवाने आबा तेव्हा चहाला घरी गेले होते.

"राहू दे," रविंद्र म्हणाला. "आता एकदम परवाच बघू देत."

त्याने चिपच्या खोक्याला दोरी बांधली, ऑफिसातून आणलेली लाख वितळवून त्यावर सील मारलं आणि तिघांकडून शब्द घेतला. खोक्याला कुणीही हात लावायचा नाही.

"न्हाई लावनार," गेणभाऊ म्हणाले. "खोक्याला कवाच न्हाई."

बुद्धपौर्णिमेला सकाळी दहालाच मांडव भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. महाळुंग्याहून रविंद्रच्या सासुरवाडीची माणसंसुद्धा आली. त्रिशरण, पंचशील झालं. आबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. पाहुणे आले. जयभीम झाले, हार झाले, आणि दोघांना पडद्याच्या दोन बाजूंच्या दोन खुर्च्यांकडे नेण्यात आलं. प्रत्येकापुढे स्टुलावर एक बटन.

रखमाजीशेठ डाव्या खुर्चीपाशी थांबले.

"उजवीकडं संपतराव का?"

"तसं काही नाही शेठ," सावळेराम म्हणाले. "दोन्ही सारखंच."

"सारखंच हाय ना? मंग मी उजवीकडं बसतो."

"बसा की," संपतराव म्हणाले. "आमी मान मागून घेत न्हाई." आणि डावीकडे जाऊन असे बसले, की मांडवातल्या प्रत्येकाला कळावं, चेअरमनचा त्याग काय असतो.

इथवर ठीक होतं. बटनं दोन्ही सारखी, कुणीही कुठलंही दाबलं तरी चिपला एकच. रविंद्रने कपाळाचा घाम पुसला आणि माइकवर यंत्राची माहिती सांगितली. तिथं तो एक वाक्य जास्त बोलला. तो म्हणाला, "एका पाहुण्यांनी बटन दाबलं तर काहीच होणार नाही. दुसऱ्यांनी दाबलं की पडदा उघडेल."

मांडवात कुजबुज झाली. संपतरावांच्या माणसाने संपतरावांच्या कानात सांगितलं. रखमाजीशेठांच्या माणसाने रखमाजीशेठांच्या. म्हणजे पहिला दाबणार त्याचं काहीच होणार नाही. पडदा उघडणार तो दुसऱ्याचा.

"दाबा शेठ," संपतराव म्हणाले. "तुमी वडील."

"छ्या! आधी तुमी. तुमी चेअरमन."

"तुमी माजी सभापती."

"माजी. तुमी चालू हाय. चालू मानसानं आधी दाबावं."

वीस मिनिटं दोघं एकमेकांना मोठेपणा देत राहिले. इतका नम्रपणा राजुरीने कधी बघितला नव्हता. मांडवावरचा पत्रा उन्हानं तापायला लागला आणि मागच्या रांगा पाणी मागायला लागल्या. सावळेराम रविंद्रजवळ येऊन दातओठ खात म्हणाले, "राव, ती दोरीच बरी व्हती. निदान वढत तरी व्हते."

शेवटी गेणभाऊ पुढे झाले. बैलगाड्याच्या शर्यतीत घाटाच्या, म्हणजे धावपट्टीच्या, तोंडाशी निशाण दाखवायचं काम त्यांच्याकडे पिढीजात होतं. त्यांनी खांद्यावरचा लाल रुमाल उंच धरला. "दोगं बी बोट बटनावर ठिवा. रुमाल खाली आला की दाबायचं. आधी दाबंल त्यो बाद!"

बाद व्हायला कुणीच तयार नव्हतं. रुमाल खाली आला. दोन्ही बटनं एकदम दाबली गेली. टक्‌ टक्‌ रिले वाजले. रविंद्रने पडद्याकडे बघितलंच नाही, त्याने आबांकडे बघितलं. आबा खुर्चीत पुढे सरकले होते.

पडदा आधीच मिटलेला होता. तो आणखी मिटायला लागला.

डावा भाग उजवीकडे, उजवा डावीकडे, मधोमध दोघं एकमेकांना रेटायला लागले. मोटारी गुरगुरल्या. पडदा उघडल्याचा स्विच दाबला जाईना, म्हणून चिप थांबेना. न थांबणं हेच तिचं शिक्षण. पाइप धनुष्यासारखा वाकला, वरचं तोरण तुटून सावळेरामांच्या टोपीवर आलं, आणि फट्ट आवाज होऊन फ्यूज गेला.

रविंद्र धावत स्टुलावर चढला. डावीकडे लालच्या जागी काळी. उजवीकडे जाऊन बघितलं. तिथंही.

"खोक्याला हात न्हाई लावला!" गेणभाऊ आधीच म्हणाले. "पाव्हनं उजवीकडचं डावीकडं आलं. म्हनलं आता मोटारीचं बी इकडचं तिकडं कराय पायजे. म्हनून भाषन चाललं व्हतं तवा म्या फकस्त उजवी बदलली."

"मी फकस्त डावी," हौशीराम म्हणाला.

"मी काही केलेलं नाही," यशोधरा म्हणाली. "मी आज चहाला होते."

आता एकेका बाजूला गलका सुरू झाला. रखमाजीशेठांचं म्हणणं, त्यांचा भाग उघडत होता, संपतरावांच्या भागाने दाबून धरला. संपतरावांचं म्हणणं, फरश्या काढून न्यायला त्यांचा टेम्पो बाहेर उभाच आहे. रविंद्रने कुणाकडेच लक्ष दिलं नाही. जीभ दातांत धरून त्याने डाव्या मोटारीच्या वायरी सोडवल्या, जोडल्या. मग उजव्या. आता त्याला दुसरं काहीच दिसत नव्हतं. हौशीरामला फ्यूज बांधायला बसवलं आणि गेणभाऊंचे दोन्ही हात यशोधराला धरायला सांगितले.

या सगळ्यात पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली, ते कुणी बघितलं नाही. आबा उठले, ओट्यावर चढले, एसटीच्या केबिनमध्ये शिरावं तसे पडद्याची फट हाताने सारून आत गेले. माणसं उन्हात ताटकळलीत, नाव तर वाचून घेऊ, असा साधा विचार.

"फ्यूज बसला," हौशीराम ओरडला.

"दाबा," रविंद्र पाहुण्यांना म्हणाला.

"आमचं दाबून झालंय," रखमाजीशेठ म्हणाले. या एका मुद्द्यावर संपतरावांनी मान डोलावली.

रविंद्रने दोन्ही स्टुलं ओढून जवळ घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही बटनं दाबली.

टक्‌ टक्‌. मध्ये फट पडली. डावा भाग डावीकडे, उजवा उजवीकडे, एका वेगाने, एका लयीत, न थरथरता दोन्ही टोकांना एकाच क्षणी पोचले आणि थांबले. मांडवात टाळ्यांचा पाऊस पडला. फुलाबाईंनी पदराने डोळे पुसले. गेणभाऊंनी हात धरलेले असतानाही टाळी वाजवायचा प्रयत्न केला.

कोनशिलेपुढे आबा उभे होते, मांडवाकडे पाठ करून. चष्मा कपाळावर, नाक दगडाला टेकलेलं, बोट अक्षरांवरून चाललेलं. इंजिनशेजारी एकतीस वर्षं बसून त्यांचा डावा कान गेलेला होता, आणि उजवाही त्याच्या वाटेवर होता. टाळ्या बऱ्याच वाजून झाल्यावर ते वळले.

"उघडला?" आबा म्हणाले. "कुनी वढला?"

"वढला नाही आबा! यंत्रानं उघडला! एकदम सरळ!"

"म्या न्हाई बघितला."

रविंद्रचा चेहरा असा झाला, की पाहुणेसुद्धा भांडायचे थांबले.

"थांबा," तो म्हणाला. "जागचे हलू नका. आत्ता परत दाखवतो."

त्याने दोन्ही बटनं दाबली. पडद्याचे दोन्ही भाग टोकांवरून निघाले, कुठंही न अडता मधोमध येऊन मिळाले आणि थांबले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आबा आत होते.